अकरावीला राज्यशास्त्र घ्यावं का? विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दहावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर रांग लागते, आणि त्या रांगेतली काही मुलं स्टाफरूमच्या दाराशी येऊन घुटमळतात. "मॅडम, राज्यशास्त्र घेऊ का?" मागे आई किंवा बाबा उभे असतात आणि त्यांच्या मनात आणखी चार प्रश्न असतात. एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आहे. दारातल्या पाच मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. जिथे वेगळं सांगितलेलं नाही, तिथे राज्य मंडळाची अकरावी-बारावी समजावी.

राज्यशास्त्र म्हणजे दहावीचं नागरिकशास्त्रच ना? तेच जरा मोठं करून?

असं वाटणं साहजिक आहे. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा एकच पेपर असतो आणि राज्यशास्त्र पुस्तकाच्या मागच्या भागात येतं: संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी, लोकशाहीसमोरची आव्हानं. पुष्कळ शाळांत हा भाग सराव परीक्षेच्या तोंडावर उरकला जातो. मुलांच्या लक्षात राहतात ते आकडे. विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८, लोकसभेत महाराष्ट्राचे ४८.

अकरावीत प्रश्न बदलतो. मी पहिल्या आठवड्यात फळ्यावर एक हिशेब मांडते. एका मतदारसंघात १ लाख मतं पडली. चार उमेदवार. पहिल्याला ३४ हजार, दुसऱ्याला ३१, तिसऱ्याला २०, चौथ्याला १५. निवडून कोण आलं? वर्ग एका सुरात सांगतो, पहिला. मग विचारते, "६६ हजार लोकांनी त्याला मत दिलेलं नाही. तरी तो सगळ्यांचा आमदार कसा?" वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी म्हणतं, नियमच तसा आहे. नियम तसा का आहे? दुसऱ्या कुठल्या देशात वेगळा आहे का? वेगळा केला तर कुणाचा फायदा, कुणाचा तोटा? इथून प्रतिनिधित्वाचं प्रकरण सुरू होतं. या प्रश्नांनी ज्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो, त्याच्यासाठी हा विषय आहे.

अकरावीत राज्य ही संकल्पना, स्वातंत्र्य आणि हक्क, समता आणि न्याय, संविधानात्मक शासन, प्रतिनिधित्व, न्यायमंडळाची भूमिका, लोकप्रशासन, विकास प्रशासन आणि १९४५ नंतरचं जग असा पसारा आहे. बारावीत १९९१ नंतरचं जग, जागतिकीकरण, पर्यावरण-दारिद्र्य-लिंगभाव यांसारखे मानवतावादी प्रश्न, समकालीन भारतापुढची आव्हानं, सुशासन आणि भारताचे जगाशी संबंध. बारावीची प्रकरणं सहाच आहेत, पण प्रत्येक प्रकरण जड आहे.

वर्गात रोजचं राजकारण येतं का? पक्षांवरून भांडणं होत नाहीत?

येतं. आणि आवाजही चढतात. ते मला वाईट वाटत नाही.

११ जानेवारी २०२४ ची सकाळ मला लख्ख आठवते. आदल्या दिवशी विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेवर निकाल दिला होता. मी वर्गात शिरले तर दोन बाजूंचे दोन बेंच उभेच. प्रत्येकाच्या घरी रात्री वाद झालेला होता आणि घरचीच वाक्यं इथे फेकली जात होती. मी कुणालाच गप्प केलं नाही. फळ्यावर दोन शब्द लिहिले: "राजकीय पक्ष" आणि "विधिमंडळ पक्ष" (म्हणजे पक्षाचे सभागृहात निवडून आलेले सदस्य). मग संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाच्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या नियमांच्या, झेरॉक्स वाटल्या आणि म्हटलं, आता जे बोलायचं ते यातल्या ओळीवर बोट ठेवून बोला.

पुढचा अर्धा तास वर्ग वेगळाच होता. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं हे परिशिष्ट आलं. त्यात आधी एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला सूट होती, ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं काढून टाकली. उरली ती दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची तरतूद. एका मुलीनं "स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे" या शब्दांवर बोट ठेवलं. "मॅडम, राजीनामाच दिला नाही तर सोडलं कसं म्हणायचं?" हाच प्रश्न गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९९४ च्या रवी नाईक खटल्यात न्यायालयानं सांगितलं की राजीनामा दिला नसला तरी वागणुकीवरून सदस्यत्व सोडल्याचं ठरवता येतं. मग शिवसेनेच्याच प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालाचा विषय निघाला: प्रतोद, म्हणजे मतदान कसं करायचं याचा आदेश आमदारांना देणारा, नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. तास संपला तेव्हा दोन्ही बेंचांचं मत बदललेलं नव्हतं. पण दोघांनाही कळलं होतं की आपण कशावर भांडतो आहोत.

माझं मत कोणत्या पक्षाला जातं, हे माझ्या विद्यार्थ्यांना कधी कळू नये याची मी फार काळजी घेते. तुम्ही ज्या कॉलेजात जाल तिथले शिक्षक एकाच बाजूचं बोलत असतील, तर समोरच्या बाजूचं उत्तम पुस्तक स्वतः शोधून वाचा.

विषय स्कोअरिंग आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सरळ उत्तर देते. पास होणं अवघड नाही. ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन, पासिंग ३५ ला. पण ८५ च्या वर जाणारी मुलं कमी असतात, आणि ती अडतात ती पाठांतरात नाही.

पेपरात योग्य पर्याय, संकल्पना ओळखा, संकल्पनाचित्र अशा छोट्या प्रश्नांशिवाय "विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा", "सहसंबंध स्पष्ट करा", "आपले मत नोंदवा" आणि मुद्द्यांच्या आधारे सविस्तर उत्तर असे प्रश्न असतात. गुण कुठे जातात ते दाखवते. "जागतिकीकरणामुळे राज्याच्या सार्वभौमत्वावर परिणाम झाला आहे" असं विधान आलं, तर दहातली सात मुलं जागतिकीकरण म्हणजे काय यावर पाऊण पान लिहितात. मग सार्वभौमत्व म्हणजे काय यावर पाच ओळी. दोन्ही बरोबर, आणि तरीही गुण अर्धे. विचारलं होतं एकाचा दुसऱ्यावर परिणाम कसा झाला ते. जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाल्यावर आयात शुल्क स्वतःच्या मर्जीनं ठरवण्यावर भारताला मर्यादा येते, एवढं एक उदाहरण दोन वाक्यांत नीट लिहिलं, तरी परीक्षकाला पाहिजे ते मिळतं.

"आपले मत" म्हणजे मनाला येईल ते, असा आणखी एक गैरसमज आहे. मत कोणतंही चालतं. त्यामागे कारण लागतं, आणि कारणामागे एखादा कायदा, एखादी घटना, एखादं उदाहरण.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांनी हा विषय "सोपा" म्हणून घेऊ नये. तीन तास सलग लिहावं लागतं. हात दुखतो.

मुलाला ९० टक्के आहेत. आर्ट्सला घालून राज्यशास्त्र द्यायचं म्हणजे मार्क वाया नाहीत का?

हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांची काळजी मला कळते. त्यांनी पै-पै जोडून मुलाला शिकवलेलं असतं आणि गावात चार लोक विचारणार असतात, "एवढे मार्क पाडून आर्ट्स?" तरी मी ठामपणे सांगते: मार्क वाया जात नाहीत. वाया जातात ती दोन वर्षं, जेव्हा इतिहास आणि बातम्यांत रमणारं पोर सायन्सच्या क्लासला पाठवलं जातं, अकरावीत खचतं, बारावीला ५५ टक्क्यांवर येतं आणि मग बी. ए.ला राज्यशास्त्राकडेच येतं. तोवर त्यानं आपण हुशार आहोत हे मानणं सोडून दिलेलं असतं. अशी मुलं मी फार पाहिली आहेत. त्यांना पुन्हा उभं करायला एक अख्खं वर्ष लागतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये बी. ए. झाले ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. यशवंतराव चव्हाणांनी १९३८ मध्ये पदवी घेतली ती इतिहास आणि राज्यशास्त्रात. हुशार मुलांनी हा विषय घेण्याची परंपरा आपल्या मातीत जुनी आहे. मधल्या काही दशकांत तिचा विसर पडला, एवढंच.

पण उलटही सांगते. मुलाला खरोखर गणित आवडत असेल आणि राज्यशास्त्र फक्त "कलेक्टर व्हायचंय" म्हणून घ्यायचं असेल, तर थांबा. पुढचं उत्तर वाचा.

गणित किंवा सायन्स सोडून राज्यशास्त्र घेतलं तर दारं बंद होतात का?

काही दारं बंद होतात, आणि ते झाकून ठेवणं बरं नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र नसेल तर मेडिकल नाही, गणित नसेल तर इंजिनिअरिंगची नेहमीची वाट नाही. राज्यशास्त्राचं तसं नाही. सायन्सची बारावी करूनही बी. ए.ला राज्यशास्त्र घेता येतं, स्पर्धा परीक्षेला घेता येतं. गणिताचा दरवाजा एकदा मागे टाकला की परत उघडणं कठीण, राज्यशास्त्राचा मात्र पुढेही उघडा असतो.

म्हणून ज्याला दोन्ही सारखंच आवडतं आणि खरंच ठरत नाही, त्याला मी गणित ठेवायला सांगते. राज्यशास्त्राची शिक्षिका असून सांगते. अशानं वर्तमानपत्राचं संपादकीय पान वाचत राहावं, तीन वर्षांनी भेटू.

कॉमर्स किंवा सायन्समध्ये राहून राज्यशास्त्र एक विषय म्हणून घेता येईल का, असंही विचारतात. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत वेळापत्रक शाखेप्रमाणे बांधलेलं असतं आणि अशी जोडी मिळत नाही. सीबीएसईच्या काही शाळा ती देतात. तुमच्या कॉलेजात प्रत्यक्ष विचारा.

सोबत कोणते विषय घ्यावेत?

अर्थशास्त्र आणि इतिहास. माझं उत्तर दरवर्षी हेच असतं.

अर्थशास्त्राशिवाय राज्यशास्त्र अर्धवट राहतं. जिल्हा परिषदेचे अधिकार पाठ केले, पण तिच्याकडे पैसा येतो कुठून हे कळलं नाही, तर काय कळलं? इतिहासाचं म्हणाल तर १९४५ नंतरचं जग समजायला १९४५ आधीचं थोडं माहीत लागतं. चौथा विषय समाजशास्त्र, भूगोल, तर्कशास्त्र किंवा मानसशास्त्र, जो कॉलेजात चांगला शिकवला जातो तो घ्या. तर्कशास्त्राचे शिक्षक चांगले असतील तर ते नक्की घ्या, कारण वाद कुठे पोकळ आहे हे ओळखायला त्याचा फार उपयोग होतो.

मराठीतून शिकावं की इंग्रजीतून?

दोन्ही माध्यमांची पुस्तकं बालभारतीनं काढली आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलानं केवळ इभ्रतीसाठी इंग्रजी घेऊ नये. विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत आधी नीट मांडता आला पाहिजे.

मात्र या विषयात मराठीची एक गंमतीची अडचण आहे. "राज्य" म्हटलं की महाराष्ट्र राज्यही आलं आणि ज्याला सार्वभौमत्व असतं ती राज्यसंस्थाही आली. अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात मुलं इथे अडखळतात. "राज्याला सार्वभौमत्व असते" असं वाचतात आणि विचारतात, मग महाराष्ट्र दिल्लीचं का ऐकतो? तसंच "स्वातंत्र्य" या शब्दाचं. १९४७ ला देशाला मिळालं तेही स्वातंत्र्य, आणि कलम १९ नं तुम्हाला बोलायला दिलं तेही स्वातंत्र्य. इंग्रजीत यांना वेगवेगळे शब्द आहेत. म्हणून माझ्या वर्गातल्या प्रत्येकाकडे एक छोटी वही असते: डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे देवनागरीतच इंग्रजी संज्ञा, आणि खाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ. घटकराज्य, राज्यसंस्था, शासन, राष्ट्र हे चार शब्द ज्याला वेगळे करता आले, त्याची निम्मी अकरावी झाली असं मी समजते.

एमपीएससी-यूपीएससी करायची आहे. मग राज्यशास्त्र घ्यायलाच हवं ना?

घ्यायलाच हवं असं नाही. उपयोग मात्र नक्की होतो.

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर संविधान, शासनव्यवस्था आणि आंतरराष्ट्रीय संबंध यांवरच आहे, २५० गुणांचा. शिवाय राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला तर २५० चे आणखी दोन पेपर. मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीतून लिहिता येतात. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि तिथेही वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आले. मुख्य परीक्षेत पर्यायावर गोल काळा करण्याचे दिवस गेले, उत्तर लिहून दाखवावं लागतं. अकरावी-बारावीत ज्यानं "सहसंबंध स्पष्ट करा" मनापासून लिहिलं, त्याला याचा फायदा होणार.

पण माझी कळकळीची विनंती आहे: सोळाव्या वर्षी सगळं या एका परीक्षेवर लावू नका. जागा मोजक्या आणि अर्ज लाखोंनी. विषय आवडतो म्हणून शिकलात तर परीक्षेत यश आलं नाही तरी हाती काहीतरी उरतं. केवळ परीक्षेसाठी शिकलात आणि ती हुकली, तर पुस्तकाकडे बघवत नाही. पुण्यातल्या अभ्यासिकांत तिशीला आलेले माझे जुने विद्यार्थी आहेत. त्यांचे फोन येतात तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही.

लॉ करायचं असेल तर?

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. महाराष्ट्राची सीईटी असो वा राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट, राज्यशास्त्राची अट नाही. पण ज्यानं मूलभूत हक्क, न्यायालयीन पुनर्विलोकन (कायदा संविधानाला धरून आहे का हे न्यायालयानं तपासणं), १९७३ चा केशवानंद भारती खटला (संविधानाची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही असं सांगणारा, १३ न्यायाधीश आणि ७ विरुद्ध ६ असा निकाल) हे बारावीआधीच वाचलेलं असतं, त्याला पहिल्या वर्षाचं संविधान परकं वाटत नाही. लॉ पक्कं असेल तर राज्यशास्त्र घ्याच, असं मी बिनदिक्कत सांगते. सोबत इंग्रजी वाचन वाढवा. क्लॅटमध्ये मोठाले उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात.

बारावीला राज्यशास्त्र नव्हतं, तर पदवीला मिळेल का? दिल्लीला जायचं असेल तर?

महाराष्ट्रात बी. ए.ला राज्यशास्त्र घ्यायला बारावीला तो विषय असावाच लागतो असं नाही.

दिल्ली विद्यापीठासाठी सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. २०२२ पासून प्रवेश तिच्यावरच होतात. राज्यशास्त्र ऑनर्सला बारावीचं राज्यशास्त्र सक्तीचं नाही, पण दिल्ली विद्यापीठ म्हणतं की बारावीला जे विषय होते त्यांतच सीयूईटी द्या. म्हणजे राज्यशास्त्राचा पेपर द्यायचा तर तो बारावीला हवा. आपल्या मुलांची इथे एक फसगत होते. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीवर बेतलेला आहे. त्यात स्वातंत्र्यानंतरचं भारतीय राजकारण, म्हणजे संस्थानांचं विलीनीकरण, एकपक्षीय वर्चस्वाचा काळ, आणीबाणी, हे सविस्तर आहे. आपल्या बारावीच्या पुस्तकात ते त्या तपशिलानं नाही. राज्य मंडळात ९० पाडलेली मुलगी त्या पेपरला गेली तर निम्मे प्रश्न तिला नवे वाटू शकतात. एनसीईआरटीची पुस्तकं इंग्रजी-हिंदीत इंटरनेटवर फुकट आहेत. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती वाचून काढा.

नोकरी कुठे मिळते?

नुसत्या बी. ए. राज्यशास्त्रावर थेट नोकरी मिळत नाही. हे आधी ऐका आणि मग पुढचं वाचा.

या विषयावर पुढचं काहीतरी बांधावं लागतं: कायदा, पत्रकारिता, बी. एड., समाजकार्य, लोकप्रशासन, किंवा एम. ए. करून नेट-सेट (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा) आणि प्राध्यापकी. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एक जण जिल्हा न्यायालयात वकिली करतो, एक जण आदिवासी भागात वनहक्काच्या दाव्यांवर काम करणाऱ्या संस्थेत आहे, एक मुलगी वृत्तवाहिनीत जिल्हा बातमीदार आहे, दोघं ग्रामसेवक झाले. मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रशासनात आतून काम करून बघण्याची एक वाट तरुण पदवीधरांना मिळाली. ती कोणत्याही शाखेला खुली आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यापीठांतल्या राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. पुढे विद्यापीठात गेलात तर तो चुकवू नका. प्रेक्षक सज्जातून सभागृह बघितलं की पुस्तकातला "तारांकित प्रश्न", म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, डोळ्यांपुढे उभा राहतो.

हा विषय घेतला की मुलगा राजकारणात पडेल का?

बहुतेक पडत नाहीत. पडला, आणि ग्रामपंचायतीचा कायदा वाचून पडला, तर मला आनंदच होईल.

२० गुणांच्या प्रकल्पात काय करायचं असतं? कॉपी-पेस्ट चालतं का?

चालवून घेणारे असतात. मी घेत नाही.

एका वर्षी एका मुलीला मी तिच्याच गावच्या ग्रामसभेला बसायला सांगितलं. २६ जानेवारीची सभा. ती वही घेऊन शाळेच्या पटांगणात बसली आणि तिनं डोकी मोजली. ३४ माणसं, त्यात बायका ६. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी ते, हे तिला माझ्या वर्गात कळलेलं होतं. तिनं भीत भीत ग्रामसेवकांना विचारलं, "सर, गणपूर्ती झाली का?" सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला २९ माणसांत सगळे ठराव मंजूर झाले.

तिच्या प्रकल्पात हे सगळं आहे, आणि शेवटी तिनं स्वतःला पडलेला प्रश्न लिहिला आहे: तहकूब सभेला अट नसेल तर पहिल्या सभेला ती ठेवून काय उपयोग? माझ्या मते त्या वर्षीचा तो सगळ्यात चांगला प्रश्न होता. पुढच्या २ ऑक्टोबरला ती आईला आणि शेजारच्या चार बायकांना घेऊन सभेला गेली. पंचायत राजला संविधानात स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली, २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, हे तिला आता कुणी पाठ करायला सांगण्याची गरज नाही.

माहिती अधिकाराचा अर्जही चांगला प्रकल्प होतो. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. गावातल्या पाणी योजनेवर किती खर्च झाला, एवढं विचारा. पालकांनी सही करावी आणि सोबत जावं.

सीबीएसई किंवा गोव्यात शिकत असू तर?

सीबीएसईलाही ८० आणि २० अशीच विभागणी आहे, पुस्तकं एनसीईआरटीची. सीयूईटी द्यायची तर तुम्ही राज्य मंडळाच्या मुलांपेक्षा एक पाऊल पुढे आहात. गोव्यात उच्च माध्यमिकच्या कला शाखेत राज्यशास्त्र घेता येतं. पक्षांतर आणि सरकारं पडणं यांची इतकी उदाहरणं तुमच्या राज्याच्या इतिहासात आहेत की दहावं परिशिष्ट शिकायला गोव्यासारखी दुसरी जागा नाही.

घेतला आणि आवडला नाही तर?

अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांत कॉलेजकडे अर्ज करून विषय बदलता येतो, जागा असेल तर. दिवाळीनंतर अवघड होतं आणि बारावीला फॉर्म भरला की मोकळीक राहत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात स्वतःकडे नीट बघा. कंटाळा शिक्षकांचा येतोय की विषयाचा, हे वेगळं करा. काही कॉलेजांत राज्यशास्त्राचे पूर्णवेळ शिक्षक नाहीत, तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं आणि पुस्तक वाचून जातं. अशा ठिकाणी चांगल्या मुलालाही विषय नीरस वाटतो. प्रवेश घेण्याआधी बारावीच्या एखाद्या मुलाला गाठून विचारा, "राज्यशास्त्राचे तास नियमित होतात का?" २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यामुळे घरबसल्या पसंतीक्रम भरला जातो आणि कॉलेजात पाऊल न टाकताच प्रवेश होतो. तसं करू नका. एकदा जाऊन या.

पसंतीक्रम भरायची मुदत जवळ आली आणि अजून ठरत नाही. काय करू?

एक संध्याकाळ काढा. बालभारतीच्या ई-बुकमधून अकरावीचं राज्यशास्त्राचं पुस्तक मोबाइलवर उतरवून घ्या, फुकट आहे. पहिलं प्रकरण वाचू नका, ते व्याख्यांचं आहे. प्रतिनिधित्वाचं प्रकरण काढा आणि सावकाश वाचा. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर अर्धं पान लिहा: "आमच्या गावात (किंवा वॉर्डात) मागच्या निवडणुकीत काय झालं आणि का?" आई-बाबांना विचारू नका, गूगल करू नका, जे माहीत आहे ते लिहा.

लिहिताना "हे मला नीट माहीत नाही, शोधलं पाहिजे" असं दोन-तीनदा वाटलं आणि कागद बाजूला ठेवल्यावरही ते डोक्यात राहिलं, तर पसंतीक्रमात कला शाखा वर टाका. अर्धं पान लिहिणंच जिवावर आलं असेल, तर दुसरा विषय बघा, त्यात कमीपणा काही नाही. आणि तो कागद जपून ठेवा. माझ्याकडे प्रवेश घेतलात तर पहिल्या तासाला मी तोच मागणार आहे.